लिब की लिब६४? लिंकर अडला तर

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू, क्लायंटच्या सर्व्हरवर रॉकी लिनक्स; दोन्ही लिनक्सचेच प्रकार. सी भाषेतली आमची एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड, मी सीमेक या बिल्ड टूलने दोन्हीकडे इन्स्टॉल केली. तिच्यावर चालणारा प्रोग्राम माझ्याकडे झटक्यात बिल्ड झाला, सर्व्हरवर मात्र लिंकर, म्हणजे प्रोग्रामला लायब्ररी जोडणारं टूल, अडला: 'कॅनॉट फाइंड'. रात्रीचे साडेनऊ, अंधेरीच्या ऑफिसातला एसी बंद, आणि मी तीच लायब्ररी तिसऱ्यांदा इन्स्टॉल करतोय.

लायब्ररी होती, मी चुकीच्या दारात उभा होतो. २०२३ च्या डिसेंबरात दादरला मध्य रेल्वेच्या एक नंबर प्लॅटफॉर्मचा आठ नंबर झाला, तसंच. सीमेकने ती उबुंटूवर /युएसआर/लोकल/लिब मध्ये ठेवली, रॉकीवर /युएसआर/लोकल/लिब६४ मध्ये. रेड हॅटच्या घराण्यात (रॉकी त्यातलंच) ६४-बिट लायब्रऱ्या लिब६४ मध्ये राहतात. डेबियनच्या घराण्यात (उबुंटू त्यातलं) पॅकेजमधून आलेल्यांचा पत्ता आणखी लांबलचक: /युएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू. आणि प्रोग्राम कसा बिल्ड करायचा ते सांगणाऱ्या मेकफाइलमध्ये /युएसआर/लोकल/लिब हे मीच हाताने लिहून ठेवलेलं.

आधी फाइंड कमांडने /युएसआर खाली लायब्ररीची फाइल शोधा. नुसती .एसओ.१ अशा शेवटाची सापडली आणि लिंकरला लागणारी बिनआकड्याची .एसओ नसेल, तर बहुधा डेव्हलपमेंट पॅकेज टाकायचं राहिलंय. उबुंटूवर त्याच्या नावाच्या शेवटी -डेव्ह असतं, रॉकीवर -डेव्हेल.

फाइल सापडली की सिमलिंक, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारी दुसरी नोंद, ठोकून मोकळं व्हावंसं वाटतं. मी एकदा ठोकली होती. पुढे लायब्ररी बदलली तरी सिमलिंक जुन्याच फाइलकडे बोट दाखवत राहिली, आणि माझे दोन दिवस गेले.

त्यापेक्षा पत्ता पीकेजी-कॉन्फिगला, म्हणजे लायब्रऱ्यांचे पत्ते सांगणाऱ्या टूलला, विचारा. लायब्ररीसोबत तिचा पत्ता लिहिलेली .पीसी फाइल येत असेल, तर --सीफ्लॅग्ज आणि --लिब्ज दिल्यावर ते जे सांगेल तेच मेकफाइलमध्ये वापरा. रॉकीवर ते /युएसआर/लोकल खाली आपणहून बघत नाही. म्हणून पीकेजी_कॉन्फिग_पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये /युएसआर/लोकल/लिब६४/पीकेजीकॉन्फिग द्या. प्रोग्रामही सीमेकवर असेल तर बिल्ड डिरेक्टरीतली सीमेककॅश.टीएक्सटी उडवा, नाहीतर ते जुनाच पत्ता घोकत बसतं.

एवढं करून बिल्ड झाला. चालवला, तर 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'! बिल्डच्या वेळी शोधणारा लिंकर वेगळा, प्रोग्राम सुरू होताना शोधणारा लोडर वेगळा. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नाही. प्रोग्रामवर एलडीडी चालवलं की कोणती लायब्ररी 'नॉट फाउंड' आहे ते दिसतं. रॉकीवरच्या लोडरच्या यादीत /युएसआर/लोकल/लिब६४ मुळात नसतेच. /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये नवी .कॉन्फ फाइल करा, तिच्यात हा पत्ता एका ओळीत लिहा आणि लोडरची यादी ताजी करायला सुडोने एलडीकॉन्फिग चालवा.

लोडरला जादा पत्ता देणारं एलडी_लायब्ररी_पाथ हे व्हेरिएबल एक्सपोर्ट करूनही भागतं, पण चाचणीपुरतंच. तोच प्रोग्राम उद्या सिस्टमडीने, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेने, सुरू केला, की तुमच्या शेलमधला एक्सपोर्ट त्याच्या गावीही नसतो.