पदव्युत्तर संशोधन प्रकल्प मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली वेळेत कसा पूर्ण करावा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात जो दोन वर्षांचा पदव्युत्तर आराखडा लागू झाला, त्यात संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक (क्रेडिट) दिलेले आहेत. एकूण ८८ श्रेयांकांपैकी १० श्रेयांक ज्या एका कामावर अवलंबून आहेत, ते काम पुण्यातले अनेक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मनातच ठेवतात आणि मार्चमध्ये त्याची धावपळ सुरू होते. विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहताना माझे मत असे झाले आहे की प्रकल्प रखडतो तो बुद्धी कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा प्रश्न फार मोठा घेतलेला असतो आणि लिहायला फार उशिरा बसलेले असते.

पहिली पायरी : प्रश्न लहान करा

‘पुण्यातील सार्वजनिक वाहतूक’ हा विषय नव्हे, ते एक क्षेत्र आहे. त्यात पीएमपीच्या बस आल्या, रिक्षा आल्या, ६ मार्च २०२२ रोजी वनाझ ते गरवारे महाविद्यालय या टप्प्यापासून सुरू झालेली मेट्रोही आली, आणि यांपैकी प्रत्येकावर स्वतंत्र प्रबंध लिहिता येईल. त्याऐवजी ‘कोथरूडहून शिवाजीनगरला नोकरीसाठी जाणाऱ्या आणि पूर्वी बसने प्रवास करणाऱ्या स्त्रियांनी मेट्रो का स्वीकारली किंवा का नाकारली?’ असे विचारले, की ठिकाण ठरते, माणसे ठरतात आणि काय शोधायचे तेही ठरते. प्रश्न पुरेसा लहान झाला की नाही हे तपासण्याची माझी एकच कसोटी आहे : उद्या सकाळी कुठे उभे राहायचे आणि कोणाला काय विचारायचे, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. ऐतिहासिक विषय असेल तर कोणत्या दप्तरातली कोणत्या वर्षांची कागदपत्रे उघडायची, हे सांगता आले पाहिजे.

मी स्वतः विद्यार्थी असताना १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराचे शहरावर झालेले परिणाम, असा विषय धरला होता. चार महिने वृत्तपत्रांची कात्रणे जमवली, वह्या भरल्या, आणि त्यातून लिहायचे काय हे मात्र कळेना. शेवटी पूरग्रस्तांच्या एकाच वसाहतीपुरता प्रश्न मर्यादित केला तेव्हा काम हलले. ते चार महिने वाया गेल्याची खंत अजून वाटते, म्हणून या पायरीवर मी इतका रेंगाळतो आहे. विषय लहान केल्याने संशोधन हलके होत नाही. उलट लहान प्रश्नाचे उत्तर देताना हात आखडता घेता येत नाही.

दुसरी पायरी : मार्गदर्शकांशी कामाचे नाते जोडा

मार्गदर्शक निवडण्याची मुभा असेल तर कोण सौम्य आहे हे पाहण्यापेक्षा तुमच्या पद्धतीचे काम कोणी केले आहे ते पाहावे. मुलाखतींवर आधारलेल्या प्रकल्पाला सांख्यिकीचे उत्तम प्राध्यापक फारसे उपयोगी पडतीलच असे नाही. पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये. प्रश्न, तो का महत्त्वाचा आहे आणि माहिती कुठून मिळणार, एवढे अर्ध्या पानावर लिहून न्यावे. त्यानंतर पंधरवड्यातला एक वार ठरवून घ्यावा आणि प्रत्येक भेटीला एक पान न्यावे : गेल्या वेळेपासून काय झाले, कुठे अडले, पुढे काय करणार. भेटीत जे ठरले ते त्याच संध्याकाळी चार ओळींच्या ईमेलने सरांना किंवा मॅडमना कळवावे. ही सवय क्षुल्लक वाटते, पण ‘मी असे सांगितले नव्हते’ आणि ‘मला असे वाटले होते’ हे दोन्ही वाद तिच्यामुळे टळतात.

मतभेद झाला तर गप्प राहून आपल्याच मार्गाने जाणे सर्वांत वाईट. ‘सर, मला इथे वेगळे वाटते, कारण मुलाखतींत असे दिसले,’ हे आदराने म्हणता येते आणि चांगल्या मार्गदर्शकांना ते आवडतेच. वाचायला देताना ऐंशी पानांचा गठ्ठा एकदम देऊ नये; एक प्रकरण द्यावे आणि नेमके काय पाहून हवे आहे ते वर लिहावे. दोनदा आठवण करूनही प्रतिसाद मिळत नसेल, तर सत्र संपण्याची वाट न पाहता विभागप्रमुखांशी बोलावे.

तिसरी पायरी : वाचन आणि टिपणे

वाचनाच्या बाबतीत पुण्यातल्या विद्यार्थ्याचे नशीब चांगले आहे. विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय, गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ सालची भांडारकर संस्था हे सारे एका शहरात आहे, आणि पेशवे दप्तरातली मोडी कागदपत्रे पुणे पुरालेखागारात आहेत. आपल्या विषयावर आधी कोणी पीएचडी केली आहे का, हे ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. वाचताना टिपण आपल्या शब्दांत करावे, उतरवून घेतलेल्या वाक्याला अवतरणचिन्ह आणि पृष्ठक्रमांक तिथल्या तिथे द्यावा. संदर्भांची नोंद झोटेरोसारख्या विनामूल्य साधनात पहिल्या दिवसापासून ठेवावी.

चौथी पायरी : पंचांग समोर ठेवून माहिती गोळा करा

तिसरे सत्र पावसाळ्यात सुरू होते. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दिवस, गणेशोत्सवाचे दहा दिवस, नवरात्र आणि दिवाळी वगळली, तर क्षेत्रकामाला हाती उरणारे आठवडे मोजकेच असतात. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदाराला प्रश्नावली भरायला सांगणे त्याच्यावरही अन्यायच आहे. मार्चमध्ये आर्थिक वर्षाअखेरीच्या कामामुळे सरकारी कचेऱ्यांत कोणाला उसंत नसते. महापालिकेची आकडेवारी हवी असेल तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करता येतो. कारण सांगावे लागत नाही, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने अर्ज सत्राच्या आरंभीच गेला पाहिजे.

प्रश्नावली छापण्यापूर्वी आठ-दहा जणांवर तपासून पाहावी. मराठी माणसाला न कळणारा प्रश्न त्या आठ जणांतच उघडा पडतो, आणि इंग्रजीतून उचलून मराठीत आणलेले प्रश्न बहुधा असेच असतात. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी संमती घ्यावी, ध्वनिमुद्रण कोण ऐकणार आणि ते किती काळ जपणार हे सांगावे. एक तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला सहज चार ते सहा तास लागतात. पंचवीस मुलाखतींचा संकल्प करणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

पाचवी पायरी : लेखन

लेखनाची सुरुवात प्रस्तावनेपासून करू नये. माहिती कशी गोळा केली हे प्रकरण ताजे असते, ते आधी लिहावे. मग निष्कर्षांची प्रकरणे, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. मराठीत लिहिणाऱ्यांनी पहिल्या ओळीपासून युनिकोडच वापरावा, कारण जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य होतो आणि इतरांच्या लेखनाशी असलेले साम्य तपासणाऱ्या प्रणालीलाही तो वाचता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादरीकरणास मनाई होते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळला जातो. तपासणी अखेरच्या आठवड्यावर टाकू नये. पहिली दोन प्रकरणे झाली की एकदा करून घ्यावी.

सादरीकरण आणि तोंडी परीक्षा

मार्गदर्शकांनी अंतिम मसुदा पाहून सही केल्याखेरीज पक्के बायंडिंग करू नये. परीक्षकांच्या दुरुस्त्यांसाठी आधी स्पायरल प्रत पुरते का, ते विभागात विचारून घ्यावे. तोंडी परीक्षेत बहुतेक प्रश्न तुमच्या निवडींवर येतात : हीच माणसे का, एवढीच का, दुसरी पद्धत का नाही. मर्यादा विचारल्या तर त्या मोकळेपणाने सांगाव्यात. लपवलेली मर्यादा परीक्षकांना दुसऱ्या प्रश्नात सापडते. निकाल लागला की मुलाखत देणाऱ्यांपैकी ज्यांनी मागितला असेल त्यांना निष्कर्षांचा एक-दोन पानी मराठी गोषवारा नेऊन द्यावा, आणि संमती घेताना ज्या मुदतीचे वचन दिले होते ती संपताच ध्वनिमुद्रणे मोबाइलमधून व संगणकातून पुसून टाकावीत.