जिवाणूंनी शिसं धरलं, की ते तळाशी बसलं? जैवशोषणाच्या प्रयोगात या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये ‘९८ टक्के शिसं काढलं’ असं वाचलं, की मी निष्कर्ष बाजूला ठेवून आधी कंट्रोल (म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले, पेशी न घातलेले नमुने) कोणते ठेवलेत ते शोधते. पाण्यातला धातू घटला एवढंच यंत्र सांगतं. कुणामुळे घटला, ते आपणच सिद्ध करायचं असतं.

जैवशोषण म्हणजे जिवाणूंच्या पेशींनी पाण्यातला धातू आपल्यावर धरून ठेवणं. बॅसिलस सबटिलिससारख्या जिवाणूंच्या वाळवलेल्या पेशींची पूड धातू धरते, ती मुख्यतः पेशीभित्तिकेतल्या कार्बॉक्सिल आणि फॉस्फेट गटांमुळे. पेशी जिवंत असायची गरज नाही.

पीएच

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच. पीएच २ ला हायड्रोजन आयनांचीच गर्दी असते, शिशाला थारा मिळत नाही. पीएच वाढवला की शोषण वाढतं, म्हणून मुलं ७, ८, ९ पर्यंत जातात आणि चढता आलेख बघून खूश होतात. पण तिथे शिसं आणि तांबं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसू लागतं. सेंट्रिफ्यूजमध्ये हा साका आणि पेशी एकाच गोळ्यात येतात, श्रेय मात्र पेशींना! प्रत्येक पीएचला बायोमास (म्हणजे ही पेशींची पूड) न घातलेला एक फ्लास्क ठेवा. त्यात जेवढा धातू घटेल, तेवढा जिवाणूंच्या खात्यातून वजा. शिसं, तांबं, कॅडमियमसाठी साधारण ५ च्या आसपास राहिलेलं बरं. पूड घातल्यावर पीएच सरकतो, तेव्हा शेवटचाही मोजा.

पीएच स्थिर राहावा म्हणून फॉस्फेट बफर घालू नका. लेड फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पेशी नीट धुतल्या नाहीत, तर उलटी गंमत होते: ब्रॉथमधलं (जिवाणू वाढवायच्या द्रवातलं) पेप्टोन धातूला द्रावणातच धरून ठेवतं आणि आकडा उगाच कमी येतो.

क्रोमियमचा रंग

सहा-संयुजी क्रोमियम पाण्यात ऋण आयन म्हणून असतं, त्यामुळे ते पीएच २ च्या आसपास चांगलं धरलं जातं. मात्र तिथेच बायोमास त्याचं क्षपण करून तीन-संयुजी क्रोमियम बनवतो. डायफिनाइलकार्बाझाइडचा जांभळा रंग, ५४० नॅनोमीटरवर मोजतो तो, फक्त सहा-संयुजी रूप दाखवतो. रंग गेला म्हणून क्रोमियम गेलं असं होत नाही. एकूण क्रोमियम एएएसवर (अणुशोषण वर्णपटमापक यंत्रावर) मोजाच.

टक्केवारी

समजा १०० मिलि पाण्यात लिटरला ५० मिग्रॅ या प्रमाणात शिसं आहे. ०.१ ग्रॅम पुडीने ८० टक्के काढलं, तर क्षमता ग्रॅममागे ४० मिग्रॅ. १ ग्रॅमने ९८ टक्के काढलं, तर फक्त ४.९. कोणती पूड चांगली, हे नुसत्या टक्क्यांवरून कळणारच नाही. आणि ९८ टक्के काढूनही लिटरला १ मिग्रॅ शिसं उरतंच. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मर्यादा आहे ०.०१. म्हणजे अजूनही शंभरपट.

अल्जिनेटचे मणी

पेशी सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या चिकट पदार्थात) कालवून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडल्या, की टपोरे मणी तयार होतात. दिसायला सुरेख, पण अल्जिनेटलाही कार्बॉक्सिल गट असतात आणि ते स्वतःच धातू धरतं. रिकाम्या मण्यांचा कंट्रोल नसेल, तर तो प्रयोग अल्जिनेटचा समजावा. धातू परत काढायला ईडीटीए (धातूंना घट्ट पकडणारं रसायन) वापरलं, तर ते मण्यातलं कॅल्शियमही ओढतं आणि हाती बुळबुळीत पाणी उरतं. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. सुटून आलेला धातू मोजून हिशेब जुळतो का, तेही त्याच वेळी बघा.

काचेची भांडी नायट्रिक आम्लात भिजवून धुवा, हे सांगायला नको.

खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच जागांसाठी भांडतात, त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरमधली क्षमता तिथे गृहीत धरू नका. वापरून झालेली पूड सिंकमध्ये ओतायची नाही आणि खतातही मिसळायची नाही. पाण्यातलं शिसं आता तिच्यात आहे. वेगळ्या डब्यात, नाव-तारखेची चिठ्ठी लावून ठेवा आणि घातक कचऱ्याच्या रीतसर मार्गाने पाठवा.