घरच्या घरी एक तास स्वतःचे लाड कसे करायचे

दिवसभराची कामं उरकली की आपण सोफ्यावर पडतो, मोबाईल हातात घेतो आणि म्हणतो चला आता जरा आराम, आणि तासाभराने उठतो तेव्हा मान आखडलेली, डोळे चुरचुरतायत आणि डोकं मगाचपेक्षा जड. माझं कित्येक वर्षं हेच चालू होतं. आराम म्हणजे मन शांत करायचं असं डोक्यात पक्कं बसलेलं, आणि मन काही सांगून शांत होत नाही. मग मी उलटीकडून सुरुवात केली, आधी अंग सैल करायचं, मनाकडे बघायचंच नाही. ते मागोमाग येतं बरोबर.

पहिलं काम, वेळ ठरवा आणि घरात सांगून टाका की या एका तासात मला हाक मारायची नाही. लहान मुलं असतील तर अर्धा तास धरा, तेवढाही पुरतो. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा, नुसता सायलेंटवर नको, कारण जवळ असला की हात जातोच. घरात डोक्यावरचा पांढरा लाईट बंद करून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावा. रात्रीच्या झगझगीत उजेडात मेलाटोनिन म्हणजे झोपेची चाहूल देणारं हार्मोन कमी तयार होतं, त्यामुळे अंग थकलेलं असलं तरी डोळ्यावर झोप येत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, पाय शेकणं. बादली नको, पसरट टब घ्या ज्यात दोन्ही पाऊलं आरामात टेकतील, आणि घोट्याच्या वर चार बोटं येईल एवढं पाणी. पाणी ३८ ते ४० अंश सेल्सियस म्हणजे आपल्या अंगापेक्षा थोडंसंच जास्त गरम हवं. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, कामं करून हाताचे तळवे राठ झालेले असतात, त्यांना चटका उशिरा कळतो, कोपराला लगेच कळतो. मीठ हवं तर टाका, नसलं तरी काही बिघडत नाही, खरं काम गरम पाणीच करतं. शेजारी एका जगमध्ये थोडं गरम पाणी ठेवा म्हणजे मध्येच गार झालं तर उठावं लागणार नाही, फक्त पाय बाहेर काढून मगच ओता.

पहिली दोन-तीन मिनिटं चुळबूळ होते, गॅस बंद केला का, उद्याचा तो फोन करायचा राहिला, सगळं तेव्हाच आठवतं. म्हणून कागद-पेन्सिल जवळ ठेवते, आठवलं की लिहायचं आणि सोडून द्यायचं. मग पाचव्या-सहाव्या मिनिटाला कधीतरी लक्षात येतं की पायाची बोटं, जी दिवसभर चपला-बुटात आवळून होती, ती आपली आपणच एकेक करून सुटी व्हायला लागलीयत, मग पोटऱ्या ढिल्या पडतात आणि खांदे खाली येतात. खांदे इतका वेळ वर चढवून ठेवले होते हे तेव्हा कळतं! १५ ते २० मिनिटं पुरे.

झोपायच्या एक-दोन तास आधी केलंत तर झोपही पटकन लागते, कारण गरम पाण्याने पायाच्या कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता तिथून बाहेर पडते आणि शरीराचं आतलं तापमान किंचित उतरतं, आणि झोपेला हा उतार लागतोच. पण डायबिटीसमुळे पायाला बधिरपणा असेल किंवा जखम असेल तर हे करू नका प्लीज, भाजलेलं कळत नाही आणि मग प्रकरण वाढतं.

पाय पुसायला चांगला टॉवेल काढा. तोच, पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवलेला. आपल्या घरातल्या सगळ्यात मऊ टॉवेलवर, नव्या चादरीवर, आवडत्या कपावर आपला हक्क शेवटचा का असावा हे मला खरंच कळत नाही, आणि लाड म्हटलं की माझ्यासाठी हेच पहिलं येतं, विकत काही आणायच्या आधी. बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा, टाचांना क्रीम चोळा आणि मोजे घाला. सुगंधी तेल वापरणार असाल तर एक चमचा साध्या तेलात दोनच थेंब, नुसतं थेट कातडीला लावलं तर आग होते.

मग आडवं व्हा. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात स्नायू सैल करायची एक पद्धत मांडली, ती घरी करायला एकदम सोपी आहे. पायापासून सुरू करायचं, बोटं पाच सेकंद घट्ट आवळायची आणि एकदम सोडून १५-२० सेकंद तशीच पडू द्यायची, मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, आणि शेवटी जबडा. जबडा विसरू नका, दिवसभराचा राग तिथेच दातात धरलेला असतो. जिथे दुखतंय तिथे आवळू नका, तो भाग सोडून पुढे जा. सोबत श्वास चार आकडे मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात म्हणून सोडणं लांबवायचं.

गाणी लावायची तर शब्द नसलेली बरी. मेणबत्ती आवडत असेल तर लावा, पण आडवं व्हायच्या आधी विझवा, कारण बहुतेक वेळा खांद्यापर्यंत पोचायच्या आत डोळा लागतो. आणि हो, टबातलं पाणी ओतून जमीन पुसायचं काम घरातल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा, त्यासाठी परत उठायचं नाही.