व्हिएन्नाची ऑपेरा सहल: गट नेताना

पहिली चूक महिन्याची होते. व्हिएन्नाचं सरकारी ऑपेरागृह, स्टाट्सओपर, सप्टेंबर ते जून चालतं, जुलै-ऑगस्टमध्ये बंद. तेव्हा गेलेला गट मोझार्टचा वेष आणि पांढरा टोप घालून रस्त्यावर तिकिटं विकणाऱ्या पोरांच्या हाती लागतो. ते विकतात ते पर्यटकांसाठी निवडक गाण्यांचे कार्यक्रम, ऑपेरा नव्हे. आपल्या सुट्टीचा मे महिना उत्तम. हंगामाचं वेळापत्रक आदल्या वसंतातच जाहीर होतं. तारखा त्यावरून ठरवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. एखाद्या बड्या गायकाच्या नावावर सहल विकू नका. तो आजारी पडला तर बदली गायक उभा राहतो आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

गट पंधरा-सोळा जणांचा पुरे. पाच रात्रींत खेळ तीनच ठेवा, तेही पहिल्या रात्री नको. मेमध्ये व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. सातचा खेळ दहाला सुटला तरी शरीराच्या घड्याळात मध्यरात्रीचा दीड वाजलेला असतो. उतरल्या दिवशी लोक घोरतात.

सुरुवात मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ने (१७९१) झाली तर फार बरं. पदांच्या मधे गद्य संवाद असल्यामुळे संगीत नाटकावर पोसलेल्या कानाला तिचा घाट ओळखीचा वाटतो. संगीतकार वाग्नरच्या ऑपेरा शेवटी, किंवा नाहीतच. गटात ज्येष्ठ असतील तर मध्यंतर आहे का, हे आधी बघा: रिखार्ड श्ट्राउसची ‘सालोमे’ पावणेदोन तास आणि वाग्नरची ‘राइनगोल्ड’ अडीच तास, दोन्ही मध्यंतराविना.

गटासोबतच्या संगीततज्ज्ञाची खरी गरज असते ती खेळाच्या दिवशी दुपारी चार वाजता, हॉटेलच्या खोलीत, पाऊण तास. कथा पाच मिनिटांत उरकावी, संगीतकाराचं चरित्र तर टाळावंच. ऑपेरातल्या चार जागा निवडून प्रत्येक दोनदा ऐकवावी: एकदा शब्दांचा अर्थ सांगून, एकदा काहीही न बोलता. ‘मॅजिक फ्लूट’मध्ये रात्रीची राणी या पात्राचा सर्वांत वरचा सूर आणि सारास्ट्रो या पात्राचा सर्वांत खालचा, दोन्ही ‘एफ’ हाच पाश्चात्त्य स्वर. मधे तब्बल चार सप्तकं. हे कानावरून गेलेलं असलं की माणसं रात्री त्या सुरांची वाट बघत बसतात. अडखळायला होतं ते पाच जण एकदम गातात तिथे. रागसंगीताचा कान एकच धागा धरतो, म्हणून असा तुकडा ऐकवताना आधी फक्त खालच्या आवाजाकडे लक्ष द्यायला सांगावं.

तिकिटांत फसगत बॉक्समध्ये, म्हणजे प्रेक्षागृहाच्या कडेच्या छोट्या कक्षांत, होते. मागच्या खुर्च्या स्वस्त असतात, कारण तिथून रंगमंचाचा मोठा भाग दिसत नाही. बॉक्स घ्यायचाच तर पुढची रांग. पाय धड असलेल्यांनी उभ्याची तिकिटंही घ्यावीत. तिथे कठड्याला रुमाल बांधून जागा धरतात, एसटीच्या सीटवर टाकतात तसाच! प्रत्येक जागेपुढच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर निवडता येतं.

जेवण सव्वापाचला आटपा आणि सव्वासहाला दारात पोचा, कारण कोट जमा करायला रांग असते आणि उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत आत घेत नाहीत. गाण्याच्या मधेच ‘वाह’ नको. पद संपलं की टाळ्या खुशाल वाजवा. ‘वन्समोअर’ची आशा मात्र धरू नका. सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदाच्या, मैफिलीत दोन भागांच्या मधेही टाळी वाजवत नाहीत.

दिवसा मोकळीक द्या. ७१ नंबरच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीत जा: ३२ए विभागात बेथोवन, शूबर्ट आणि ब्राम्स या संगीतकारांच्या कबरी एकमेकींच्या जवळ आहेत. मोझार्टचं तिथे फक्त स्मारक आहे. शहरात मार्गदर्शक म्हणून काम करणं हा ऑस्ट्रियात परवान्याचा व्यवसाय आहे. त्यामुळे वास्तूंची माहिती स्थानिक परवानाधारकाकडून घ्या आणि आपल्या तज्ज्ञाला दुपारच्या सत्रासाठी ताजा ठेवा.