पिकअपचा हौदा उतरवून ॲल्युमिनियमचा सपाट ट्रे कसा बसवावा

तासगाव भागात द्राक्षाचे क्रेट वाहणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. डबल केबिन पिकअपच्या हौद्यात चाकांवरचे दोन उंचवटे आत आलेले असतात. त्यांच्यामुळे क्रेटची ओळ सरळ बसत नाही. एक क्रेट आडवा, एक उभा, मधे फटीत पोतं कोंबायचं, आणि गाडी भिलवडीच्या रस्त्याला लागली की वरचा थर डुलतोय. सपाट ट्रे चाकांच्या वर बसतो, तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात आणि माल कुठूनही भरता-उतरवता येतो. तोटा एकच, भराईची उंची थोडी वाढते.

ॲल्युमिनियमच का? ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साधारण साडेतेवीस किलो भरतो, तेवढाच ॲल्युमिनियमचा आठ किलोच्या आसपास. पण त्याचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. म्हणून नुसता धातू बदलून भागत नाही, खालचे आडवे सपोर्ट जवळजवळ घ्यावे लागतात. मी ३०० मिलिमीटरवर एक असे घेतले. मिस्त्री ४५० म्हणत होता.

काम मे महिन्यात काढा. द्राक्ष उतरलेली असतात, खरड छाटणी उरकलेली असते आणि पाऊस लांब असतो.

कागद आधी. हौदा बदलणं म्हणजे गाडीत फेरफार, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची परवानगी आधी लागते. काम झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यायची. परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. ट्रे हलका झाला म्हणून आरसीवरचं एकूण वजन आपोआप वाढत नाही, हे शेजारच्या तात्यांना मी तीनदा सांगितलं.

मग माप. हे हौदा उतरवायच्या आधी घ्यायचं, नंतर नाही. मागच्या ॲक्सलच्या पुढे ट्रे किती आणि मागे किती, हे ठरवा. कायद्याने मागचा लोंबता भाग दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, पण तिथवर जाऊच नका. मालाचा मध्य ॲक्सलच्या जरा पुढे पडला पाहिजे, नाहीतर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. केबिन आणि ट्रेमध्ये चार-पाच सेंटिमीटर फट ठेवा. चेसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) खड्ड्यात पिळवटते, फट नसेल तर ट्रे केबिनच्या पाठीला घासतो. भरल्या गाडीला गचका बसला की टायर किती वर येतो तेही बघा आणि ट्रे त्याच्या वर ठेवा. आणि आपला क्रेट न्या, मिस्त्रीसमोर मोजून दाखवा. ट्रेची रुंदी क्रेटच्या पटीत आली की अर्धी लढाई जिंकली.

आता उतरवणं. आदल्या रात्री हौद्याच्या बोल्टांवर डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. सकाळी बॅटरीचं टर्मिनल काढा. मागच्या दिव्यांचे सॉकेट सोडवा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: डावा इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स. डिझेल भरायचं नळकांडं हौद्याच्या कुशीला स्क्रूने धरलेलं असतं. ते सोडवायला विसरलात तर हौदा उचलताना पाइपच फाटतो. सोडवल्यावर तोंड कापडाने घट्ट बंद करा आणि ते उघडं असेपर्यंत जवळ ग्राइंडर चालवू नका. मग चेनपुली किंवा सहा धडधाकट माणसं. हौदा अधांतरी असताना खाली कुणीही हात घालायचा नाही.

उघडी चेसी पहिल्यांदाच दिसते, तेव्हा ताराच्या ब्रशने गंज काढून प्रायमर आणि रंग मारून घ्या. चेसीला नवी भोकं पाडू नका, वेल्डिंग तर नकोच. कंपनीने दिलेल्या मूळ भोकांवर आणि ब्रॅकेटांवरच ट्रे बसवा.

इथून पुढचा भाग लक्ष देऊन वाचा, कारण माझे पैसे इथेच बुडाले. पहिला ट्रे एका फॅब्रिकेटरने थेट लोखंडावर ठेवून आवळून दिला. दुसरा पावसाळा संपल्यावर एक बोल्ट काढला, तर भोकाभोवती पिठीसारखी पांढरी पूड. नखाने खरवडली तर खाली ॲल्युमिनियमचा पापुद्रा सुटत होता आणि भोक अंडाकृती झालं होतं. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटले आणि मधे पाणी शिरलं की बॅटरीसारखा व्यवहार सुरू होतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. स्टेनलेसचा बोल्ट घातला तरी सुटका नाही.

म्हणून प्रत्येक टेकूखाली जाड रबराची पट्टी, बोल्टभोवती नायलॉनची बुश आणि वॉशरखाली नायलॉनचा वॉशर घाला. बोल्ट गॅल्वनाइज्ड, नट लॉकिंगचा. हे सगळं मिळून ट्रेच्या खर्चापुढे किरकोळ आहे. वेल्डिंग आर्गन वायूवर करणाऱ्याकडेच करून घ्या, आणि जिथे ओढ जास्त तिथे बोल्टची जोडणीच बरी, कारण उष्णतेने सांध्याजवळ ॲल्युमिनियमची ताकद उतरते.

नवा ट्रे बसला, वायरी जोडल्या, आणि इंडिकेटर लावला तर ब्रेकचा दिवा मंद उजळतोय! मिस्त्री म्हणाला, “दादा, सॉकेट गेलंय.” सॉकेट ठणठणीत होतं. दिव्याची अर्थ (वीज परत जायची वाट) आधी थेट धातूतून चेसीला मिळत होती, आणि आपण तर मधे रबर घातलेलं. दोन्ही दिव्यांपासून चेसीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढली की काम झालं. डिझेलच्या नळकांड्यालाही ट्रेखाली पक्का ब्रॅकेट द्या, उतार टाकीकडे हवा.

हौद्यासोबत मडगार्डही गेलेलं असतं, ते वेगळं लावा. नंबर प्लेट आणि तिचा दिवा, मागे लाल, बाजूला पिवळी चमकती पट्टी, हे पासिंगला बघतातच. शंभर किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण रबर दबतं. पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला एक फेरी.

आणखी एक, खास बागवाल्यांसाठी. बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद आणि चुन्याच्या फवाऱ्याचा) ड्रम या ट्रेवर नेत असाल तर सांडलेलं त्याच संध्याकाळी धुवा. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं आणि चुना वेगळाच खातो. ड्रमखाली रबरी मॅट टाका, पण चिकटवू नका. आठवड्याला उचलून खालचं पाणी झटका आणि मॅट उन्हात टाका.