एकसर त्रिकोण हाताने कसे मोजावेत

संगणकाला हात लावण्याआधी हे वहीवर करा, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सांगतो. तळाशी १ २ ३ लिहा. वरच्या प्रत्येक ओळीत एक आकडा कमी. अटी दोनच: प्रत्येक आकडा खालच्या दोन शेजाऱ्यांच्या दरम्यान असावा (बरोबरी चालेल) आणि ओळीतले आकडे काटेकोर चढते असावेत. अशी मांडणी म्हणजे एकसर त्रिकोण; तळाची ओळ ठरवून असे किती त्रिकोण होतात ते मोजायचं.

मधल्या ओळीत पहिला आकडा १ किंवा २, दुसरा २ किंवा ३. त्यातली (२,२) बाद. उरल्या (१,२), (१,३), (२,३). यांवर शिखराला अनुक्रमे २, ३, २ पर्याय, म्हणजे ७ त्रिकोण. (२,२) चालू दिली असती तर ८ झाले असते. काटेकोरपणा काढला की n ओळींसाठी उत्तर सरळ २ चा n(n−१)/२ वा घात येतं. सगळी गंमत त्या एका अटीत आहे.

आता तळाशी १ २ ३ ४. सगळे त्रिकोण काढत बसू नका. वरची ओळ १२३, १२४, १३४ किंवा २३४ असू शकते. १२३ चे ७ हाताशी आहेतच. १२४ वर (१,२), (१,३), (१,४), (२,३), (२,४) बसतात: २+३+४+२+३ = १४. प्रत्येक आकडा ५ मधून वजा करून ओळ उलटी लिहिली की १३४ चे १४ आणि २३४ चे ७ आपोआप मिळतात. एकूण ४२.

पाच ओळींना ४२९. मिल्स, रॉबिन्स आणि रमझी या गणितज्ञांनी अंदाजलेलं n ओळींसाठीचं सर्वसाधारण सूत्र गणितज्ञ झाइलबर्गर यांनी सिद्ध केलं. ती सिद्धता १९९६ मध्ये छापून आली.