अवयव अडले की कोणाला विचारायचं आणि कसं

आठवीच्या गणितात 'बैजिक राशींचे अवयव' हे सहावं प्रकरण सुरू झालं की आमच्या अभ्यासिकेत गर्दी वाढते. काळाचौकीत चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची एक खोली आहे. दिवसा ऑफिस करून संध्याकाळी मी तिथे आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताला बसते. लालबाग, शिवडी, परळहून मुलं येतात. काहींना क्लास असतो, काहींना नसतो, पण अवयवांपाशी दोघंही सारखीच अडतात. हे लिहिते आहे ते यंदा आठवीत गेलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

अवयव पाडणं म्हणजे एखादी राशी कंसांच्या गुणाकारात लिहिणं. आधी हा धडा इतका महत्त्वाचा का, ते. आठवीत अवयव येतात, नववीच्या बहुपदीत अवयव सिद्धांत येतो आणि दहावीच्या वर्गसमीकरणांत सोडवायची पहिलीच रीत अवयवांची असते. दहावीचा गणित भाग १ चा लेखी पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. तिथे मधलं पद फोडायला पाच मिनिटं लागून चालत नाही. त्यामुळे आठवीत 'नंतर बघू' म्हणून सोडलेला हा धडा पुढची दोन्ही वर्षं पाठ सोडत नाही.

आता मदतीचं. मुलं वही पुढे करतात आणि म्हणतात, "ताई, हे सुटत नाहीये." मी विचारते, "काय काय करून पाहिलंस?" यावर बहुतेक वेळा शांतता. त्यांना उत्तर हवं असतं, आणि अवयवांत उत्तर ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. पुस्तकाच्या मागे उत्तरसूची आहे, गाईडमध्ये आहे, मोबाइलवर फोटो काढला की येतं. शिवाय हाती आलेले कंस परत गुणले की मूळ राशी मिळते की नाही, हे कोणालाही न विचारता कळतं. विचारण्यासारखी गोष्ट एकच उरते: हे सुचलं कसं? माझी गाडी नेमकी कुठे अडली?

एक उदाहरण घेऊ. पुस्तकात एक्स असतो, मी इथे जुन्या पद्धतीने क्ष लिहिते.

६क्ष² − ५क्ष − ६

पहिला सहगुणक (क्ष² ला लागलेली संख्या) आणि शेवटचं पद यांचा गुणाकार −३६. आता अशा दोन संख्या हव्यात ज्यांचा गुणाकार −३६ आणि बेरीज −५. गुणाकार ऋण म्हणजे एक धन, एक ऋण. मग ३६ च्या जोड्या क्रमाने लिहायच्या: १ व ३६, २ व १८, ३ व १२, ४ व ९, ६ व ६. फरक ५ कुठे? ४ व ९ मध्ये. मोठीला ऋण चिन्ह, म्हणजे −९ आणि +४. जोड्या मनातल्या मनात शोधू नका, कागदावर उतरवा. हुशार मुलंही इथे उगाच घाई करतात आणि मग 'सापडतच नाही' म्हणून बसतात.

शिवडीच्या एका मुलाने हेच गणित मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. त्याचा मेसेज मी आता नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवते. त्याने लिहिलं होतं: "ताई, जोडी मिळाली, −९ आणि ४. मी ६क्ष² + ४क्ष − ९क्ष − ६ असं लिहिलं. पहिल्या दोनांतून २क्ष कॉमन काढला, कंसात ३क्ष + २. पुढच्या दोनांतून −३ काढला, कंसात ३क्ष − २. कंस जुळत नाहीत. जोडी चुकली का?"

याला म्हणतात प्रश्न. जोडी बरोबर होती. घोळ झाला तो −३ बाहेर काढताना. −३ ला −२ ने गुणलं तर +६ येतात, आणि आपल्याकडे तर −६ होते. ऋण संख्या कंसाबाहेर गेली की आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं, म्हणून कंसात ३क्ष + २ हवं. मग २क्ष(३क्ष + २) − ३(३क्ष + २), आणि शेवटी (३क्ष + २)(२क्ष − ३). मी त्याला एवढंच लिहिलं, "जोडी ठीक आहे, दुसरा कंस परत −३ ने गुणून बघ." पाच मिनिटांत अंगठा आला. नुसता फोटो आणि खाली 'प्लीज सॉल्व्ह' आला असता, तर मी अख्खं गणित लिहून दिलं असतं आणि पुढच्या गणितात तो तिथेच अडला असता.

आठवीतल्या अवयवांच्या चुका मोजायला बसलं तर या एका जागी सगळ्यात जास्त सापडतील. दुसरी जागा म्हणजे सुरुवातीलाच सामाईक अवयव न काढणं. २क्ष² − १८ बघून मुलं म्हणतात, हा काही वर्गांचा फरक नाही. आधी २ बाहेर काढा, आत क्ष² − ९ उरतो, की झालं: २(क्ष + ३)(क्ष − ३). घनांच्या सूत्रांत चिन्हांचा गोंधळ होतो, पण ती सूत्रं लिहून लिहून बसतात, त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

आता घरच्यांसाठी. बऱ्याच आया मला सांगतात, "आम्हाला हे गणित येत नाही, मदत कशी करणार?" येते. उत्तर आलं की पोराला क्ष च्या जागी १० ठेवायला सांगा आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर हातात घ्या. वरच्या गणितात मूळ राशी होते ६०० − ५० − ६ म्हणजे ५४४. कंस होतात ३२ आणि १७, आणि ३२ × १७ म्हणजेही ५४४. जुळलं. नाही जुळलं तर चूक नक्की आहे, वही परत त्याच्याकडे. १० यासाठी की आकडे सोपे पडतात. १ ठेवला तर चुकीचं उत्तरही कधी कधी सहज जुळून जातं. फार शंका असेल तर आणखी एक आकडा ठेवून बघा. आठचं जेवण गॅसवर ठेवून ही तपासणी होते, बीजगणित यावं लागत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. या तपासणीत राशी सारख्या आहेत एवढंच कळतं, अवयव पूर्ण पडलेत की नाही ते कळत नाही. कोणी २क्ष² − १८ चं उत्तर (२क्ष + ६)(क्ष − ३) लिहिलं तर १० ठेवल्यावर दोन्हीकडे १८२ च येतात. पण २क्ष + ६ मधून अजून २ बाहेर यायचा आहे. म्हणून प्रत्येक कंसाकडे शेवटचं एकदा बघायचं: यातून अजून काही कॉमन निघतंय का?

कधी कधी अख्खी संध्याकाळ घालवूनही जोडी सापडत नाही, आणि दोष मुलाचा नसतो, फळ्यावरून उतरवलेल्या चिन्हाचा असतो. हे ओळखायची युक्ती दहावीत शिकवतात, पण आठवीत वापरायला कोणी अडवत नाही. मधल्या सहगुणकाचा वर्ग घ्या, त्यातून टोकाच्या दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट वजा करा. उत्तर पूर्ण वर्ग आलं तरच पूर्णांकांत अवयव पडतात. क्ष² + ७क्ष − १२ घ्या: ४९ + ४८ म्हणजे ९७. पूर्ण वर्ग नाही, तेव्हा जोडी शोधत बसू नका, पुस्तक उघडा. तिथे बहुधा + १२ असेल, मग ४९ − ४८ म्हणजे १, आणि ३ व ४ लगेच दिसतात. अर्थात ही युक्ती दर वेळी वाचवत नाही. क्ष² + ५क्ष + ६ आणि क्ष² + ५क्ष − ६, दोन्हींचे अवयव पडतात, तिथे चिन्ह चुकलं तर उत्तरसूचीच सांगेल. ही युक्ती वर्गसमीकरणाच्या सूत्रातली. ते सूत्र ज्या चौपटीच्या रीतीतून येतं ती जुने गणिती श्रीधराचार्य यांची आहे, हे भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात नोंदवलं आहे. मुलांना हे सांगितलं की दोन मिनिटं तरी ती सूत्राकडे आदराने बघतात.

मग विचारायचं कोणाला? माझ्या मते पहिला मान शाळेच्या सरांना किंवा बाईंना. मुंबईत कितीतरी शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरायची असते, त्या मधल्या वेळात शिक्षक स्टाफरूममध्ये सापडतात. वही उघडून, अडलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं तर मी तरी कोणा शिक्षकाला नाही म्हणताना पाहिलेलं नाही. वर्गात साठ जणांसमोर हात वर करायला लाज वाटते, हे मान्य. इथे तो प्रश्न येत नाही.

क्लासबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मोठ्या क्लासमध्ये सर फळ्यावर भराभर गणितं सोडवतात, बघताना सगळं कळतंय असं वाटतं. शंकांसाठी वेगळा वेळ ठेवत असतील तर फी वसूल, नसतील तर तेवढ्या वेळात घरी चार गणितं स्वतः झगडून सोडवलेली बरी. फी भरण्याआधी हे विचारून घ्या.

मोबाइलला मी नाही म्हणत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात, पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर नेतो. फोटो काढला की पायऱ्या दाखवणारी अ‍ॅपही आहेत, पण ती कधी कधी वेगळ्याच रीतीने जातात, वर्गात न शिकवलेलं सूत्र लावतात, आणि वहीत तसं लिहिलं की बाई विचारतात हे कुठून आलं. एआयला विचारायचं तर असं विचारा: "उत्तर सांगू नकोस. माझ्या चार पायऱ्या खाली आहेत, चूक कितव्या पायरीत आहे तेवढंच सांग." त्याने सांगितलेलंही १० ठेवून तपासा, कारण तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो.

सरावाची गणितं कमी पडली तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. अभ्यासक्रम बदलले, अवयव तेच आहेत. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे मैत्रिणीबरोबर बसा. दोघींनी मनाने दोन-दोन कंस ठरवायचे, गुणून राशी काढायची आणि एकमेकींना घालायची. गुणताना मधलं पद कुठल्या दोन तुकड्यांतून तयार झालं ते डोळ्यांसमोर घडतं, त्यामुळे फोडताना हात आपोआप तिकडे वळतो. आमच्या खोलीत हा खेळ मस्करीवर जातो, मुली मुद्दाम मोठे आकडे घेतात. परवा एकीने घातलेलं हे करून बघा, १४० च्या जोड्या लिहाव्या लागतील: १०क्ष² + ३१क्ष − १४.